जट्टप्पाने जुळवलेली ओळ

सुपारी सोलायला बसलेल्या भाचरांना तिम्मप्पमामांनी आधीच बजावले, की ही ऐकीव गोष्ट नव्हे. विघ्नेश्वर हेगडे त्यांचे शाळासोबती.

मार्गशीर्षातला गुरुवार, अमावास्या, रात्रीचे आठ. सिद्धापूरच्या 'तेंगाळी' साप्ताहिकाचे संपादक हेगडे पहिल्या वर्षाची फाइल आणायला बंद पडलेल्या जुन्या छापखान्यात गेले. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी साप्ताहिकाचा इतिहास त्यांनी लिहून पूर्ण केला होता. आता केवळ एक छायाचित्र हवे होते.

त्या इतिहासात एक वाक्य खोटे होते. आठवडी बाजारावरचे 'संतेतल्या गप्पा' हे सदर निनावी येई आणि त्याच्यासाठीच गाव अंक विकत घेई. ते सदर होते छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जट्टप्पाचे. तो कागदाला हात लावीत नसे. डोक्यातला मजकूर थेट शिशाच्या खिळ्यांत जुळवी. त्यामुळे त्याच्या हस्ताक्षरातला एक कपटाही मागे उरला नव्हता. भिंतीपलीकडे कोऱ्या कागदासमोर बसून हेगड्यांनी खिळ्यांची ती टिकटिक तीस वर्षे ऐकली होती. जट्टप्पा वारला, सदर संपले, तरी लोक विचारीत, "हेगडेरे, पेपर तुम्ही काढता खरा, पण त्या गप्पांची चव कुठं गेली हो?"

म्हणून त्यांनी इतिहासात लिहिले : ते सदर मी लिहीत असे.

फाइल काखेत मारून ते वळले, तोच वीज गेली.

टिक.

हेगडे थबकले.

टिक... टिक... टिक. चार खिळे, अंगठ्याचा दाब, विराम. ही लय एकाचीच.

खिळे तर बारा वर्षांपूर्वीच भंगारात गेले होते.

"जट्टप्पा...?"

आवाज थांबला.

"मेलास तरी तुझंच कौतुक व्हायला हवं का रे..."



वीज आली. मेजावर धुळीत खिळे जुळवायची पट्टी होती. तिच्यात एक ओळ. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात; जट्टप्पा ती झरझर वाचीत असे, हेगड्यांना ते पन्नास वर्षांत साधले नव्हते. त्यांनी डावा तळहात ओळीवर दाबला. शिसे गार होते. कोरडे. शाईचा टिपूस नाही.

हात उचलला. तळव्यावर काळी, सरळ अक्षरे...

ते सदर मी लिहीत असे.

 सुपारी सोलणारी भाचरे हात थांबवून मामांकडे बघत होती. धाकट्या भाचीने विचारले, की मग हेगड्यांनी आपले वाक्य खोडले का?

"खोडतोय कसला! अंक तसाच निघाला. सत्कारसुद्धा झाला."

सत्काराची शाल हेगड्यांनी उजव्या हाताने घेतली. डावी मूठ मिटलेलीच होती. आज दुपारी ते धणे-जिऱ्याचे कषाय प्यायला आले, तेव्हा मामांनी ती मूठ बळेच उघडली आणि हेगड्यांना सगळे सांगावे लागले. साबण, राख, रॉकेल... सगळे करून झाले होते. कातडी सोलवटली होती. अक्षरे तशीच. मामांनी त्यांवरून एकवार बोट फिरवले.

एवढे सांगून मामांनी आपले बोट दिव्यापुढे धरले.

त्यावरचा काळा डाग सुपारीचा नव्हता. त्यात एक अक्षर होते... उलटे.