ठेकेदारांचं शेवटचं गाणं

औषधाच्या दुकानात बाबांच्या गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट परत करायला थोरली उभी होती, आणि दुकानदाराच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून बाबांचं गाणं सुरू झालं.

जुन्यांपैकी नव्हे. हे गाणं बाबांनी मृत्यूच्या दिवशी सकाळी तिला फोनवर गुणगुणून दाखवलं होतं. तेव्हा ते संथ होतं, कुणी अंगावर पांघरूण घालावं तसं. आता ते धावत सुटलं होतं. गायिका वरच्या सुरात किंचाळत होती, आणि मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं पायानं ताल धरत होती.

"भारी आहे ना?" दुकानदार म्हणाला. "ठेकेदारांचं शेवटचं गाणं. आमची कन्या दिवसभर यावरच नाचतेय. काय हो, या गोळ्या कुणाच्या?"

"त्यांच्याच," थोरली म्हणाली.

राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. दुकानदाराला ती काय म्हणाली ते ऐकूच गेलं नाही. तिनं पाकीट परत उचललं आणि बाहेर पडली.

बाबांना धंद्यात सगळे ठेकेदार म्हणत. टेबल दिसलं की त्यांची बोटं ठेका धरत, म्हणून. दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात खुळखुळा वाजवण्यापासून सुरुवात केली, साबणाच्या जाहिरातींची गाणी रचली, मग एक गाणं असं चाललं की लग्नाच्या वराती त्याशिवाय हलेनात. पुढे तीस वर्षं शब्द त्यांचे, चाल त्यांची, रेकॉर्डिंगही त्यांच्याच स्टुडिओत. शेवटची काही वर्षं मात्र फोन वाजायचा थांबला होता. आई टोमणा मारायची, "जगाला प्रेमगीतं वाटलीत. माझ्या वाट्याला नुसता ठेका."

त्या सकाळी बाबा फोनवर म्हणाले होते, "तुझ्या आईचं तोंड बंद करणारं गाणं झालंय. आज कॅसेटवर भरून ठेवतो. आणि ऐक, मशीनचा पट्टा तुटला. तुझ्या लेकीचा केसांचा रबर इथं सापडला, तो बसवलाय. चालतंय. म्हातारं माझ्यासारखंच धापा टाकतंय, पण चालतंय."

संध्याकाळी फोन उचलेनात म्हणून आई स्टुडिओत गेली. बाबा खुर्चीत होते. हृदय थांबलं होतं. समोरच्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये गोळ्या होत्या, न फोडलेल्या. आणि कॅसेटच्या मशीनचं झाकण उघडं, आत काही नाही.

"बाबा मशीन कधी रिकामं ठेवायचे नाहीत," थोरली तेव्हाच इन्स्पेक्टरांना म्हणाली होती. "बंदसुद्धा करायचे नाहीत. गाणं संपलं तरी टेप फिरत राहायची, शेवटी खटका उडेपर्यंत."

"बाई, कॅसेट नसणं हा गुन्हा नाही," इन्स्पेक्टर म्हणाले होते, आणि कागद मिटले होते.

आता ते गाणं गावभर वाजत होतं. म्हणजे कॅसेट कुणीतरी नेली होती. आणि नेणारा त्या खोलीत बाबांसमोर उभा होता.

*

गाणं बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. त्यांनी थोरलीला बघताच खुर्ची सोडली.

"ये पोरी. बघितलंस ना, केवढं चाललंय? आमच्याकडून त्यांना ही श्रद्धांजली."

"गाणं तुमच्याकडे कसं आलं?"

"आधी त्यांनीच ऐकवलं. त्याच दिवशी, सकाळी फोनवर." शेठची बोटं टेबलावर पडू लागली. एक ठोका, मोठी पोकळी, मग दुसरा. "मी म्हटलं, ठेकेदार, हे कोण ऐकणार? लोक झोपतील. तर म्हणतात कसे, विकायचं नाहीच आहे, नुसतं ऐका."

"मग विकलंत कसं?"

"ते गेल्यावर त्यांच्या कीबोर्डवाल्यानं, उजव्यानं, सजवून आणलं. मला ओळखूच येईना! जादूगार आहे पोरगा."

"त्या दुपारी तुमची गाडी स्टुडिओखाली होती. खालच्या फर्निचरवाल्यानं पाहिली."

शेठचा चेहरा पडला. "गेलो होतो. सकाळी तोंडाला येईल ते बोललो, वाईट वाटलं. दार बंद होतं. बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. वाटलं, रुसलेत."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

"न विचारताही सांगता येतं," थोरली म्हणाली. शेठना कान पुढे करावा लागला.

*

गायिका सरावाच्या खोलीत गरम पाणी पीत होती. घसा बसला होता.

"ताई, मला उजव्यानं त्याच्या आवाजात गाऊन पाठवलं. म्हणाला, सरांनी शिकवलं तसंच्या तसं. पट्टीही तीच."

"तुला सोपं गेलं?"

"सोपं? अंतऱ्याला माझा दम तुटतो. तीनदा थांबून रेकॉर्ड केलं. सर या वयात कसे गायले असतील, देव जाणे."

थोरलीनं ते वाक्य मनात नीट ठेवून दिलं.

*

कीबोर्ड वाजवणारा उजवा हा बाबांचा उजवा हात, म्हणूनच ते नाव. मिसरूड फुटायच्या आधीपासून घरी जेवायला असायचा. अंत्ययात्रेत खांदा त्यानं दिला होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला होता.

त्याचा स्टुडिओ चकचकीत होता. पडद्यांच्या गर्दीत एक कॅसेट वाजवायचं यंत्र, धूळ पुसलेलं.

"हे अजून आहे?"

"सर कॅसेटवरच रचायचे ना, ताई. त्यांच्यासाठी ठेवलंय. मुद्दाम दुरुस्त करून घेतो."

"गाणं तुला कधी दिलं त्यांनी?"

"आदल्या आठवड्यात. समोर बसवून शिकवलं. असे गात होते, ताई! आवाज अगदी तरुण झाला होता."

"त्या दिवशी गेला होतास?"

"गेलो असतो तर सर आज असते." त्यानं डोळे पुसले.

"तू चालीत काही बदललंस?"

"मी? एका केसाचाही फरक नाही. लय तीच, पट्टी तीच. सरांच्या शेवटच्या कामाला हात लावायचं पाप कोण करेल?"

"खरंय," थोरली म्हणाली. "कोण करेल?"

तिथून ती बाबांच्या स्टुडिओत गेली. कपाटाचा ड्रॉवर ओढला. नेहमीसारखा तो मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा ओरडला. मग तिनं मशीनचं मागचं झाकण काढलं. आत दोन चाकांवर लेकीचा गुलाबी रबर तसाच ताणून बसलेला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं इन्स्पेक्टरांना फोन लावला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्याच्या स्टुडिओत सगळे जमले. शेठ, गायिका, इन्स्पेक्टर, त्यांचा हवालदार. आई शालीत गुंडाळलेलं मशीन मांडीवर घेऊन बसली होती, तान्हं मूल घ्यावं तसं.

"बाई, माझ्या साहेबांना मी काय सांगून आलोय ते मलाच माहीत," इन्स्पेक्टर म्हणाले. "लवकर आटपा."

"आटपते. शेठ, बाबांनी फोनवर म्हटलं तसं गाणं म्हणून दाखवा."

शेठ खाकरले. बेसूर होते, पण लय चुकली नाही. खाली, संथ, दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागा असलेली. आईनं मान वर केली.

"आता तू, उजव्या. बाबांनी समोर बसून शिकवलं तसं."

उजवा म्हणाला. सुरेल, उंच, भरधाव.

"काकू, असंच ना?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? मला त्यांनी ऐकवलं कुठे?" आई म्हणाली. "पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबणारा माणूस हे एका दमात गायला म्हणतोस? अरे, त्यांना हाक मारायलासुद्धा वरचा सूर लागत नव्हता."

"सर त्या दिवशी वेगळेच होते, काकू."

"शेठनी चुकीचं ऐकलं असेल," इन्स्पेक्टर म्हणाले. "नाहीतर यानं लय वाढवली असेल. त्यात गुन्हा काय?"

"वाढवली असं तो म्हणतच नाही ना. एका केसाचाही फरक नाही, म्हणतो. आणि मला वाटतं, तो खरं बोलतोय. त्यानं जे ऐकलं तेच वाजवलं." थोरलीनं मशीन टेबलावर ठेवलं, कोरी कॅसेट घातली. "साहेब, यात काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"नाव, हुद्दा, काहीही."

इन्स्पेक्टरांनी भारदस्त आवाजात हुद्दा सांगितला आणि कायद्याचं एक कलम म्हटलं. थोरलीनं कॅसेट काढून उजव्याच्या यंत्रात घातली. स्पीकरमधून एक शाळकरी पोरगा घाईघाईत कायदा पाठ म्हणू लागला. हवालदार फिसकन हसला आणि लगेच छताकडे बघू लागला.

"हा मी?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"तुम्हीच." थोरलीनं मशीनचं मागचं झाकण काढलं. "हा रबर बघा. माझ्या लेकीचा. पट्टा तुटला म्हणून बाबांनी बसवला. त्यानं मशीन हळू फिरतं. हळू फिरताना भरलेला आवाज याच मशीनवर ऐकला तर जसाच्या तसा येतो. चांगल्या यंत्रावर लावला, की पळतो आणि चिरका होतो. म्हातारा माणूस तरुण होतो. अंगाईची वरात होते."

हवालदारानं मान लांब करून रबराकडे पाहिलं.

"बाबा समोर बसून गायले असते, तर उजव्यानं शेठसारखं संथ ऐकलं असतं. हे धावणारं गाणं बाबांनी कधीच म्हटलेलं नाही. जगात ते एकाच ठिकाणी होतं. रबर बसवल्यावर भरलेल्या कॅसेटवर, आणि तेही ती दुरुस्त यंत्रावर वाजवली तरच. पट्टा तुटला त्या सकाळी. संध्याकाळी आई पोचली तेव्हा कॅसेट नव्हती. मधल्या वेळात जो त्या खोलीत होता, त्यालाच हे गाणं असं ऐकू आलं. उजव्या, इतकी वर्षं बाबांजवळ बसलास. हा आपल्या गुरूचा आवाज नव्हे, हे तुला कळलं नाही?"

उजव्यानं आपल्या यंत्राकडे पाहिलं. "मला वाटलं... मला वाटलं, सरांना परत सूर सापडला."

आई उठली नाही, ओरडली नाही. "या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात," ती म्हणाली. "तू तर डोक्यालाच कळू दिलं नाहीस रे."

"मी गेलो तेव्हा सर गेलेलेच होते, काकू! देवाशपथ! घाबरलो आणि कॅसेट उचलली. गाणं वाया गेलं असतं."

"कॅसेट कुठाय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. आवाज आता शाळकरी नव्हता.

उजव्यानं कीबोर्डखालच्या खणाकडे बोट दाखवलं. ती त्यानं टाकली नव्हती. बाबांचा आवाज टाकायचं धाडस त्याला झालं नव्हतं, एवढंच.

"तू ही पूर्ण ऐकलीस?" थोरलीनं विचारलं.

"गाणं संपेपर्यंत. पुढे नुसती खरखर आहे."

"बाबा मशीन बंद करायचे नाहीत. इतकी वर्षं जवळ होतास. तेही विसरलास." तिचा आवाज इतका उतरला होता की सगळे पुढे झुकले. तिनं कॅसेट बाबांच्या मशीनमध्ये घातली, गाणं ओलांडून पुढे नेली आणि बटण दाबलं.

खरखर. खूप वेळ खरखर. खुर्चीची करकर. मग बेल.

"ये, दार उघडंच आहे." बाबांचाच आवाज, जड, दमलेला. "बरं झालं आलास. छातीत... त्या ड्रॉवरमधली गोळी दे रे जरा."

पावलं आली आणि थांबली. ड्रॉवर ओरडला नाही.

"देतो, सर. नवीन गाणं झालं म्हणे. शेठ सांगत होते."

"ते विकायचं नाही. तिचं आहे ते. गोळी दे."

"सगळी गाणी तुमच्या नावावर. माझ्या नावावर काय? हे एक मला द्या."

"अरे... गोळी..."

"आधी हो म्हणा, सर."

खट्. टेप संपली.

गायिकेनं तोंडावर हात धरला होता. शेठ भिंतीकडे तोंड करून उभे होते. इन्स्पेक्टरांनी हवालदाराला खूण केली. उजवा रडत "ताई, ताई" म्हणत होता. थोरलीनं पर्समधून गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "आता दे कुणाला द्यायच्या त्या."

मग ती मशीनकडे वळली आणि टेप मागे फिरवू लागली, अगदी सुरुवातीपर्यंत. आईची बोटं नकळत टेबलावर आली होती.

"थांब," आई म्हणाली. "ह्याला आधी बाहेर न्या. त्यानं हे गाणं एकदाही ऐकलेलं नाही. आताही ऐकायचं नाही."

दार लागेपर्यंत थोरली थांबली. मग तिनं बटण दाबलं.