भिंतीवरचा डबा

पहिल्याच भेटीत दानिएलनं एका हातानं माझ्या आईला सावरलं आणि एका पायानं माझा कॉम्प्युटर अडवला. दोघंही वाचले. वाचलं नाही ते मी मान मोडून टाइप केलेलं त्याचं कार्ड.

परतीचा पाऊस रेंगाळला होता तेव्हा. दौंडात रेल्वे लाइनीला पाठ लावून आमचं घर आहे, पप्पा रेल्वेत गार्ड होते तेव्हा बांधलेलं. पप्पा गेले, मग आईची डावी बाजू गेली, आणि मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका असलं काय काय करून द्यायला लागले. दारावर पाटी लावली – ‘रेचल कॉम्प्युटर्स’. पाटी मोठी, खोली एवढीशी. टेबलावर मॉनिटर आणि प्रिंटर, कॉम्प्युटरचा डबा खाली फरशीवर, आणि त्याच्या वायरींचं जंजाळ पायात. त्यात आईचा वॉकर अडकला, ती पुढं झुकली, डबा कलंडला... आणि खुर्चीवर बसलेल्या त्या उंच, सावळ्या मुलानं काय कसरत केली देव जाणे!

कार्ड होतं त्याच्या थोरल्या भावाच्या स्मरणार्थ उपासनेचं. भावाला रात्रपाळीवरून परतताना ट्रकनं उडवलं होतं. दानिएल शिरूरचा. आत्याला न्यायला दौंडला आला होता आणि पाटी बघून आत शिरला होता. वायर निसटून पुसलं गेलेलं सगळं मी पुन्हा टाइप करायला घेतलं, तर मागं उभा राहून हळूच म्हणाला, “रेचलताई, घाई नको. दुसऱ्यांदा वाचताना... जरा सोपं जातंय.”

मी मागं वळले नाही, नुसती टाइप करत राहिले.

जाताना तो डब्याकडं बघून म्हणाला, “ह्याला भिंतीवर का न्हाई लावत?”

“भिंतीवर? तो काय बायबलच्या वचनांचं कॅलेंडर आहे?”

“आमी कारेगावात वर्कशॉपात तेच करतो की. कंट्रोल पॅनेल. आख्ख्या कंपनीच्या मशिनी भिंतीवरच्या डब्यातनं चालत्यात. तुमचा येवढासा कॉम्प्युटर टांगायला काय हुतंय?” मग आईकडं बघत, “मावशींच्या पायात तरी येनार न्हाई.”

मी उठून चहा टाकला.

पुढच्या रविवारी तो मेजर टेप घेऊन हजर. फरशीवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही कॉम्प्युटरचा एकेक अवयव त्यावर मांडला. मदरबोर्ड इथं, हार्डडिस्क तिथं. पॉवर सप्लाय मी खाली ठेवला, त्यानं उचलून वर ठेवला. “त्यो तापतो. गरम हवा वर जाती, म्हंजी ह्याची जागा वरच.” दोघांनी एकदम हार्डडिस्क उचलायला हात घातला, आणि मग दोघांनीही ती तशीच राहू दिली...

“कंच्या भिंतीवर लावायचा?”

“ही टेबलामागची.”

“ही लाइनीकडची हाय. हादरत आसंल.”

“छे! कधीच नाही,” मी छातीठोकपणे सांगितलं. आईनंही मान डोलावली.

नवा डबा आला. राखाडी रंगाचा, चपटा, पुढं काचेचं दार. खाली हवेची जाळी, वरच्या अंगाला पंखा. बसवला, चालू केला, आणि आम्ही तिघं कौतुकानं बघत असतानाच मालगाडी आली. डब्याचं दार भांड्यांच्या फडताळासारखं वाजायला लागलं.

“हे काय वाजतंय?” आईनं विचारलं.

“मावशी, गाडी गेली.”

“कुठली गाडी?”

तो इतका हसला, इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो, असं मला नंतर म्हणाला. काय करणार, आम्ही दौंडकर! जन्म लाइनीच्या कडेला गेला की गाडी कानाला लागत नाही, अंगालाही नाही.

त्यानं डबा उतरवला, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले आणि प्रत्येक बोल्टखाली गाद्या घातल्या. हार्डडिस्क तर ट्यूबच्या पट्ट्यांच्या झोळीतच निजवली.

“हिला धक्का सोसत न्हाई. बाकी समद्यांना सोसतो.”

“आणि तुम्हाला?”

“मला...” तो स्क्रू पिळत राहिला. “सोसायला लागतोय.”

शेवटी, पॅनेलवाल्याची सवय, डब्यावर त्यानं दोन दिवे बसवले. “हिरवा म्हंजी सगळं ठीक. लाल म्हंजी आत तापलंय. लाल लागला की बंद करायचा आन् वर्कशॉपात फोन लावायचा.”

“आणि हिरवा असताना लावला तर?”

त्याचे कान लाल झाले. “मग... म्हस्कूमामा फोन उचलत्यात. त्यांना काय सांगायचं ते तुमी ठरवा.”

म्हस्कूमामा म्हणजे त्याच्या वर्कशॉपातले सगळ्यात जुने फिटर. त्यांना काय सांगणार मी? त्यापेक्षा लाल दिवाच लागलेला बरा. मी माझा हातरुमाल घेतला, डब्याच्या खालच्या जाळीत कोंबला आणि हाताची घडी घालून बसून राहिले. दुपारपर्यंत लाल! फोनवर म्हस्कूमामांची आरोळी ऐकू आली, “आरं दान्या, दौंडचा लाल लागला!”

रविवारी तो आला. जाळी उघडली, रुमाल ओढून काढला, शांतपणे घडी करून खिशात ठेवला.

“दौंडात धूळ लय हाय.”

“हो ना. फारच.”

आतल्या खोलीत आई खोकली. पुढच्या खेपेला तोच रुमाल धुऊन, इस्त्री करून माझ्या टेबलावर ठेवलेला होता. मी काय समजायचं ते समजले. थंडीभर आमच्या दौंडात भयंकर धूळ होती, आणि त्या धुळीत माझ्या नावामागची ‘ताई’ कधी हरवली ते दोघांनाही कळलं नाही.

मग थंडी सरली. एकदा लाल लागला, मी फोन केला, तरी तो आला नाही. त्यानंतरच्या रविवारी आला. आभाळ भरून आलेलं, अवेळी. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा आणि एक नवा पंखा होता. दाढी वाढलेली. आईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि वॉकर टेकत आत गेली.

“घरात ठरवलंय,” तो पत्र्याकडं बघत म्हणाला. “माझं आन् वहिनींचं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं – लग्न.

“न्हाईतर वहिनींच्या म्हायेरचे त्यांना घिऊन जानार, दुसरीकडं देनार. सोनूला कोन घेत न्हाई. भावाची चार वर्साची पोर... आमची आई तर अंथरुणच धरून बसलीया.”

“वहिनी काय म्हणतात?”

“त्या काय म्हननार? माझ्याकडं बघत पन न्हाईत. मला कावीळ झालती तवा ह्याच वहिनींनी चमच्यानं भरवलंय मला.” तो पत्र्याभोवतीचं वर्तमानपत्र सोडायला लागला. “सोनूला शिकवायला लागलेत, काका न्हाई, पप्पा म्हन. तर ती मलाच इचारती, पप्पा कवा येनार? काका तर हितंच हाय.”

बाहेर थेंब टपटपायला लागले. मी कीबोर्डवरचं कापड उगाच सारखं करत होते.

“येत्या रविवारपास्नं आमच्या चर्चमधी नावं वाचतील. तीन रविवार. कुनाची हरकत आसंल तर सांगा म्हनत्यात.” मग पहिल्यांदाच त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. “रेचल... तुमची हाय का हरकत?”

आहे! हजारदा आहे! माझ्या आत कुणीतरी उभं राहून ओरडत होतं. आणि मी ‘आहे’ म्हणाले असते तर तो थांबला असता – अगदी नक्की थांबला असता, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेच तर वाईट होतं. त्यानं सगळं माझ्या एका शब्दावर ठेवलं होतं, आणि त्या शब्दाच्या पलीकडं एक चार वर्षांची मुलगी पप्पांची वाट बघत बसली होती. आतला वॉकरचा आवाज बंद पडला होता. मला माझे पप्पा आठवले, त्यांची रिकामी खुर्ची आठवली.

“नाही,” मी म्हणाले. “माझी हरकत नाही.”

त्यानं मान खाली घातली. तसाच म्हणाला, “मला तुमच्यासंगं ऱ्हायचं हुतं. येवढं एकदा बोलायचं हुतं.”

“मला माहीत आहे. रुमाल इस्त्री करून आणलात ना, तेव्हापासून.”

“आन् मला पैल्या लाल दिव्यापास्नं.”

आम्ही दोघंही हसलो. अशा वेळी हसू येतं हे मला माहीत नव्हतं.

मग तो स्टुलावर चढला. डब्याच्या बाजूचा पत्रा काढून त्यानं आणलेला पत्रा बसवला, त्यात वरून खालपर्यंत नव्या फटी पाडलेल्या होत्या, आणि शेजारी दुसरा पंखा. त्या दिवशी एक स्क्रू दोनदा पडला. मी दोन्ही वेळा उचलून दिला.

“आता तापायचा न्हाई,” माझ्याकडं पाठ करूनच तो म्हणाला. “खालची जाळी... बंद झाली तरी.”

उतरला, आईच्या पाया पडला, आणि शिरूरच्या एसटीसाठी पावसातच निघाला. छत्री देऊ का, हेही मला सुचलं नाही.

पहिल्या रविवारी नावं वाचली गेली असतील, त्या वेळी मी घरात होते. कपाटातून तो इस्त्रीचा रुमाल काढला आणि जाळीत घट्ट कोंबला. दुपार झाली. संध्याकाळ झाली. दोन्ही पंखे मन लावून फिरत होते. दिवा हिरवाच राहिला. पप्पा म्हणायचे, हिरवा मिळाला की गाडीनं थांबायचं नसतं.

“काय गं, हल्ली लाल लागत नाही?” आईनं विचारलं.

“नाही आई. काम चांगलं केलंय त्यांनी.”

ती वॉकर टेकत टेकत आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी डब्याशेजारी भिंतीला तळवा टेकला होता. तेवढ्यात मालगाडी आली असावी. डबा गप्प होता, काच वाजली नाही, त्याच्या ट्यूबच्या गाद्यांनी सगळं पोटात घेतलं. पण माझ्या तळव्याखाली भिंत थरथरत होती, केवढी तरी थरथरत होती... शेवटचा डबा जाईपर्यंत.

एवढी वर्षं मी या घरात राहिले, आणि ही भिंत हादरते हे मला त्या दिवशी जाणवलं.