फोडणीपुरती कॅप

ऐका ना, मध्ये बोलू नका. चँडलर गावातले आमचे घरमालक, प्रतापकाका, माहितीयेत ना? हॉटेलात राहिले की तिथल्या शॉवर कॅप उचलून आणायचे. स्वतःला पूर्ण टक्कल! कॅप स्मोक अलार्मसाठी. मिरची परतली की तो बोंबलतो, म्हणून आधी त्यालाच टोपी. “फोडणीपुरती गं, आश्लेषा,” म्हणायचे.

त्या रविवारी मी डॅलसला होते. माझी रूममेट सावनी फोनवर म्हणाली, “काका जेवायला आलेत, ठेचा करतायत.” काका गेल्यावर ती झोपली. सोफ्यामागची वायर पेटली. घरभर धूर, सावनी झोपेतच गेली. अलार्म वाजलाच नाही. त्यावर कॅप होती.

भाड्याच्या घरात अलार्म चालू ठेवणं घरमालकाचं काम असतं यार! फायरवाल्यांनी विचारलं, तर काका म्हणाले, “मी लावून दिला होता. कॅप तिनेच घातली असेल.” तिच्या आईलाही तेच सांगितलं. ती बिचारी अजून म्हणते, माझीच पोर वेंधळी.

रंगबिंग झाला, मी परत राहायला गेले. नवा अलार्म लावला होता. काका बघायला आले. दारात पाऊल टाकलं आणि तो सुरू! गॅस बंद होता. काका बाहेर गेले, तो गप्प. आत आले, परत सुरू. त्यांनी स्टुलावर चढून कॅप घातली. बॅटरी काढली. वायर उपटली. तरी त्यांच्या हातात वाजतोय!

आणि शिकेकाईचा वास यायला लागला. सावनी त्यानेच धुवायची, कमरेपर्यंतचे केस.

काका किंचाळले, “सावनी, मी काढणारच होतो गं ती!”

मी ऐकलं. म्हटलं, “काका, हे तिच्या आईला सांगा.”

“काय सांगू? मी काही बोललोच नाही.”

अलार्म एकदम थांबला.

पुढच्या रविवारी काका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. धूर. एकटेच राहायचे, मी जवळ राहते म्हणून मला बोलावलं. त्यांच्याकडे खोलीखोलीत नवे अलार्म. एकही वाजला नव्हता.

प्रत्येकावर शॉवर कॅप.

फायरवाला म्हणाला, “त्यांनीच घातल्या असतील.”

“हो,” मी म्हटलं. “त्यांनीच.”

त्याने एक काढून माझ्या हातात दिली. आतून ओली होती.

इलॅस्टिकमध्ये एक लांब, काळा केस.