चुका आढळल्यास कळवावे

स्टुलावर चढून ती क्लबच्या भिंतीला माशांचा तक्ता लावत होती, तोंडात चार टाचण्या, आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी म्हणालं, "हा काळा मार्लिन हाताची घडी घालून का उभा आहे?"

तोंडात टाचण्या असताना माणसाला फणकारता येत नाही. तिने नुसतं वळून पाहिलं. उन्हाने रापलेला एक उंच माणूस, खांद्यावर दोराचं वेटोळं. हसत होता, पण तिच्याकडे बघून नाही, तक्त्याकडे बघून. याचाच तिला जास्त राग आला.

"म्हणजे काय?" टाचण्या हातात घेत तिने विचारलं.

"काळ्याचे बाजूचे पंख मिटत नाहीत. दाबलेत तर मोडतील, पण अंगाला चिकटायचे नाहीत. मिटतात ते निळ्याचे. तुम्ही खालचा मजकूर उलटा छापलाय." त्याने दोन्ही हात विमानासारखे ताठ बाजूला केले. "हा काळा." मग घडी घातली. "हा निळा. आणि या तुम्ही."

कारण तीही स्टुलावर घडी घालूनच उभी होती. राग आला किंवा लाज वाटली की तिचे हात आपोआप मिटायचे. लहानपणापासूनची खोड.

"मी पुस्तकं बघून केलंय सगळं."

"तेच म्हणतोय. मासा बघून केलं असतंत तर..." तो थांबला. "चित्र मात्र सुरेख आहे हं. डोळा अगदी तस्सा. केवढ्या रागाने बघतोय माझ्याकडे."

"मासा, की मी?"

"दोघंही," तो म्हणाला आणि दोर सावरत निघून गेला. त्याला बंदरावरचा सगळा धक्का कप्तान म्हणतो, हे तिला मावशीकडून कळलं. मावशी क्लबात चहाचं काउंटर सांभाळायची आणि कोण कुणाकडे किती वेळ बघतं याचाही हिशेब ठेवायची.

ती व्यवसायाने चित्रकार. खोल समुद्रात हौसेने गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी तिने क्लबला एक कार्ड करून दिलं होतं. अठरा मासे, प्रत्येकाची ओळखीची खूण, आणि कोणता आणायचा, कोणता सोडून द्यायचा ते. काळा मार्लिन सोडायचाच, हा क्लबचा सगळ्यात कडक नियम. निळा ठरलेल्या लांबीत बसला तर आणता यायचा. भिंतीवरचा तक्ता म्हणजे त्याच कार्डाची मोठी प्रत. पण अठरापैकी एकही मासा तिने पाण्यात पाहिलेला नव्हता. तिला बोट लागायची. तिची सगळी ओळख पुस्तकांतली आणि बाजारातल्या बर्फावरची.

संध्याकाळी तिने पुस्तक उघडलं. कप्तानाचं खरं होतं. उतरवून घेताना दोन ओळींची अदलाबदल झाली होती, बस्स, एवढंच. पण कार्डं छापून, प्लास्टिकमध्ये घालून बोटीबोटींवर पोचली होती, आणि क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी भर सभेत तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू, असं म्हणून तिने पुस्तक मिटलं. कार्डाच्या मागे मात्र तिनेच मोठ्या ऐटीत छापून घेतलं होतं, 'चुका आढळल्यास कळवावे', आणि खाली स्वतःचा नंबर.

उद्याचे पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत कप्तानाला एकाएकी चहा फार लागायला लागला.

"बदललंत का ते?" एकदा त्याने कपात बघत विचारलं.

"हो... सांगितलंय मी. नवीन येतील," ती म्हणाली.

खोटं. इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. तो "बरं" म्हणाला आणि बाजारातल्या माशांपेक्षा समुद्रातले मासे जास्त देखणे कसे, यावर बोलत राहिला. ती ऐकत होती. खरं तर त्याच्या मनगटावरच्या दोराच्या जुन्या व्रणाकडे बघत होती. तो हसला की आपल्याला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की लगेच ते खोटं आठवतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

मग तो रविवार आला. कप्तानाच्या बोटीवर एक दातांचे डॉक्टर पाहुणे होते, त्यांच्या गळाला मार्लिन लागला. मासा बोटीलगत आला तेव्हा कप्तान सुकाणूवर होता. बोट स्थिर धरणं त्याचं काम. डॉक्टरांनी वाकून पंख दाबला. ताठ. खिशातलं कार्ड काढलं. ताठ म्हणजे निळा. "निळाच आहे," त्यांनी ओरडून सांगितलं, आणि कप्तान सुकाणू सोडून धावत येईपर्यंत लांब दांड्याचा आकडा माशात रुतला होता.

धक्क्यावर उतरवल्यावर सेक्रेटरीसाहेबांनी पंख दाबून पाहिला. "हा काळा आहे," ते म्हणाले. ती काउंटरपाशी उभी होती. मासा तिच्या चित्रापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि मेल्यावरही त्याचे दोन्ही पंख ताठ होते.

सोमवारी कमिटी बसली. पाहुण्यांना विचारायची पद्धत नव्हती, उत्तर बोटवाल्यानेच द्यायचं. अक्षर चांगलं म्हणून वृत्तांत लिहायला तिलाच बसवलं होतं.

"तुमच्या बोटीवर काळा मारला गेला," साहेब म्हणाले. "काही म्हणायचंय?"

कप्तानाने एकदा, फक्त एकदाच, तिच्याकडे पाहिलं. आता सांग, असं तिचं मन तिला म्हणालं. तिने मान खाली घालून वहीत तारीख लिहिली.

"बोट माझी, तेव्हा चूक माझी," तो म्हणाला.

हंगाम संपेपर्यंत त्याची बोट धक्क्याला बांधून ठेवायची असं ठरलं. तिने आपल्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं, 'चूक मान्य केली.' लिहिताना हात जरासुद्धा कापला नाही, याची तिला पुढे कित्येक दिवस शरम वाटत राहिली.

घरी मावशीने ताट पुढे सारलं. "तोंड का उतरलंय?"

तिने सगळं सांगितलं. पुस्तक, पंधरा दिवस, 'सांगितलंय मी', वृत्तांत.

"मला सांगून काय उपयोग?" शेवटी मावशी म्हणाली. "मी काय मार्लिन आहे? जा उद्या, ज्याला सांगायचं त्याला सांग. आणि आधी जेव."

सकाळी ती सेक्रेटरीसाहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी चष्मा काढला.

"तुम्ही तर काल इथेच बसला होतात."

"हो," ती म्हणाली. त्या एका शब्दाइतका जड शब्द तिने आयुष्यात उच्चारला नव्हता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वृत्तांताची वही तिच्यापुढे सरकवली. तिनेच खाडाखोड केली, तिनेच नवीन लिहिलं. कप्तानावरची बंदी उठली, नव्या कार्डावरून तिचं नाव गेलं. मग ती पिशवी घेऊन धक्क्यावर गेली आणि एकेका बोटीवर चढून कार्डं परत मागू लागली. "यात चूक आहे. माझी आहे. कप्तानांची नव्हती." बावीस बोटी, बावीस वेळा तेच वाक्य. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं, एका म्हाताऱ्या बोटवाल्याने तिचा चेहरा पाहून न विचारता लिंबू हातात दिलं. बांधलेली बोटसुद्धा तिला लागत होती.

तेविसावी बोट त्याची. तो डेकवर बसून गळाच्या चाकाला तेल देत होता. पावसाची भुरभुर सुरू झाली होती, पण दोघांपैकी कुणीच आडोशाला गेलं नाही.

"मी खोटं बोलले तुमच्याशी," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "'सांगितलंय' म्हणाले, ते सांगितलं नव्हतं."

"माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हाच. घडी घातली होतीत ना हाताची."

तिला बोट बुडाली तर बरं असं वाटलं. "मग बाकीच्यांना का नाही सावध केलंत?"

त्याने चाक खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः सांगितलंत तर तुमचं नाव राहील, असं वाटलं. आज सांगाल, उद्या सांगाल... नाव सांभाळत बसलो आणि मासा गेला. कमिटीत बोललो ते तुमच्यासाठी नव्हतं. मलाही तोंड दाखवायची लाज वाटत होती."

म्हणजे तो मासा दोघांनी मिळून मारला होता. तिचे डोळे भरून आले, आणि पहिल्यांदाच त्या लाजेत ती एकटी नव्हती.

"कार्ड द्या," ती डोळे पुसत म्हणाली.

"ते नाही मिळणार. मागे नंबर आहे. चुका आढळल्यास कळवायच्यात."

"आणखी आहेत?"

"तो डोराडो मासा बघा. करडा रंगवलाय. बर्फावरचा असणार. जिवंत असताना तो सोनेरी असतो, हिरवा, निळा... हातात मरतो तसा रंग उडत जातो. उद्या येता? लांबूनच बघू, गळ नाही टाकायचा."

"मला बोट लागते."

"दिसतंय. मघापासून हिरव्यागार झालाय."

"डोराडोसारखी?"

"त्याच्या जवळपास."

ती हसली, आणि हसता हसता तिने म्हणून टाकलं, "मला तुम्ही आवडता. हे सांगायला आले नव्हते. पण आज सकाळपासून सगळं खरंच सांगत सुटलेय... तर हेही."

कप्तान नावाच्या त्या माणसाचे कान लाल झाले. तेलाचे हात त्याने फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, मग उठून तिच्यापुढे उभा राहिला.

"हात बाजूला करा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी केले होते तसे."

तिने घडी सोडली. भुरभुरत्या पावसात दोन्ही हात बाजूला पसरून ती उभी राहिली, वेड्यासारखी. त्याने तिच्या उजव्या हाताला हलकेच दाबलं. हात अगदी सहज मिटला.

"निळा," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे ठेवता येतो."

"ठेवलेल्याचं तुम्ही काय करता, ते पाहिलंय मी."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. "मग सोडतो," तो म्हणाला, आणि खरंच हात काढून घेऊ लागला.

"नको," ती म्हणाली, आणि तो हात तिने धरून ठेवला.