उंच केलेली जीप

नवल मिस्त्री त्या सकाळी धुळ्याला गेला होता तो एका ट्रॅक्टरचं बेअरिंग आणायला. बेअरिंग मिळालं, स्टँडसमोर चहा झाला आणि पारोळ्याची एसटी पकडून तो परत निघाला. मे महिना होता. खिडकीची पट्टी हात लावू देत नव्हती इतकी तापलेली. बस फागण्याच्या पुढे आली तेव्हा फोन वाजला.

"नवलभाऊ का? मी सुनंदाबाई. अमृतनी माय."

नवलने पिशवी मांडीवर घट्ट धरली. तीन महिने तो या फोनची वाट पाहत होता आणि तो येऊ नये म्हणून देवाला हातही जोडत होता.

"बोला, अक्का."

"पोलिसस्नी गाडी सोडी. ती तुम्हनाकडे धाडी देस. पहिले व्हती तशी करी द्या. खाले करी द्या."

"अक्का, तुम्हाला चाळीसगावातच कोणी तरी..."

"तुम्हीच वर कयी ना, भाऊ? मंग तुम्हीच खाले करा," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर नवलला बरं वाटलं असतं.

अमृत चाळीसगावजवळच्या एका खेड्यातला, कपाशीवाल्या घरातला एकुलता एक मुलगा. वय सव्वीस. त्याने एक जुनी उघडी जीप घेतली होती आणि तिला उंच करायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मोठे टायर, उंच बांधा, चिखल असो की दगड, गाडी अडली नाही पाहिजे. मोबाइलवर त्याने नवलला पुण्यातल्या एका गॅरेजचा भाव दाखवला. लाखाच्या वर. "नवलभाऊ, एवढे कुठून आणू? तुम्ही जमवा ना काही तरी."

नवलने जमवलं. पारोळ्याच्या बाहेर, अमळनेर रस्त्याला त्याची पत्र्याची शेड. तिथे तो एकटाच काम करी, आणि कमी पैशात काम करून देणारा म्हणून त्याचं नाव होतं. त्याचा त्याला अभिमानही होता. लेथवाल्याकडून स्प्रिंगचे पाटे चासीला टांगणारे लांब शॅकल करून घेतले, एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले, धुळ्याच्या भंगार बाजारातून मोठे टायर आणले. मडगार्डची कड जमिनीपासून सत्तावीस इंचांवर होती, ती तेहतीसवर गेली. खर्च तिसऱ्या हिश्श्यात.

एकच गोष्ट राहिली. गाडी वर गेली, चाकं खाली राहिली, आणि पुढच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. लांब नळी नाशिकहून यायला दोन दिवस लागणार होते. अमृत दुसऱ्या दिवशीच मित्रांसोबत डोंगरात जाणार होता. नवलने नळीची पट्टी चासीवरून सोडली, नळी थोडी खाली ओढली आणि बांधायच्या तारेचे तीन पीळ देऊन बसवून टाकली. ताण कमी झाला. पुरता गेला नाही. हे त्याला दिसलं होतं. अमृतला त्याने सांगितलं नाही. उलट बोनेटवर थाप मारून म्हणाला, "झालं काम. बिनधास्त पळवा!"

अकरा दिवसांनी कन्नड घाट उतरताना जीपचा ब्रेक गेला. पंचनाम्यात कारण म्हणून वेग लिहिला गेला. लोक म्हणाले, आजकालची पोरं. नवलला बातमी कळली ती न्हाव्याच्या दुकानात, आणि अर्धवट दाढीवरच त्याच्या डोळ्यांपुढे ते तारेचे तीन पीळ आले. तो अंत्ययात्रेला गेला नाही. दशक्रियेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पिकअपच्या मागे बांधून जीप आली. पिकअप चालवत होता सुनंदाबाईंचा शेजारी वना. बाई त्याच्या शेजारी बसून आल्या होत्या. जीपचं डावं अंग चेपलेलं, काच नाही, पण पुढची चाकं सरळ होती. बाईंनी शेडच्या सावलीत पाणी घेतलं आणि विचारलं नसताना सांगायला लागल्या. त्यांची अहिराणी संथ होती, ओवी म्हणावी तशी.

अमृतने दरी टाळायला गाडी डोंगराच्या अंगाला घातली होती. गाडी कलंडली आणि तो खाली सापडला. क्रेन यायला दोन तास लागले. तोवर तो शुद्धीत होता, बोलत होता.

"काय बोलत होता?" नवलने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

"थोडी वर करा, म्हने. घडीघडी तेच सांगे. थोडी वर करा, मी निंघी येस."

वना दुसरीकडे पाहू लागला. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"गाडी उंच व्हयनी तवय माले चढता येये नही. तो म्हने, माय, तुले पायरी लाई देस. ऱ्हाई गयं. आते खाले करा, भाऊ. माले एकदाव त्याना जागावर बसनं शे."

ती दोघं गेल्यावर नवल गाडीखाली शिरला. नळी तुटून लोंबत होती. वरच्या टोकाला त्याच्याच हाताचे तीन पीळ. तीन महिने गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती आणि कोणी वाकून पाहिलं नव्हतं. नवलने पक्कड घेतली, तार कापली आणि नळीचा तुकडा रस्त्यापलीकडच्या कोरड्या विहिरीत टाकून आला. मग त्याने जीव ओतून काम केलं. ठोकळे काढले, अमृतने शेडमध्येच ठेवलेले जुने शॅकल आणि जुने टायर बसवले, नवीकोरी नळी घातली, ब्रेकमधली हवा दोनदा काढली. संध्याकाळी टेप लावला. सत्तावीस इंच. बरोबर सत्तावीस.

सकाळी शेड उघडली तेव्हा काही तरी खुपलं. काय, ते लगेच कळेना. जीप जागेवरच होती. त्याने टेप लावला. साडेअठ्ठावीस.

मोजताना चूक झाली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पाटे नव्याने बसतात, कमी-जास्त होतं. त्याने बोल्ट पुन्हा कसले, मागे चढून दोन-चार उड्या मारल्या. गाडी लवली आणि पुन्हा तिथेच आली.

दुपारी बारानंतर अमळनेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पत्रे तडतड वाजतात, झळा डांबरावरून उठतात, कुत्री नालीत जाऊन पडतात. नवल डबा खात बसला होता. त्याला मागून आवाज आला. गाडीतून जड पोतं उतरवलं की पाटे मोकळे होताना करकरतात, तसा. एकदाच. तो घास हातात धरून बसून राहिला. थोड्या वेळाने पुन्हा... करर्र. आणि तापलेल्या हवेत ब्रेक ऑइलचा वास भरला. तिखट, नाकात बसणारा. तो उठला, चाकांमागे पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. एक थेंब नाही.

टेप लावला. तीस.

त्या दिवशी त्याने शेड चारलाच बंद केली. घरी बायको मोहिनीने विचारलं, "ऊन लागलं का?" तो हो म्हणाला. ताटावरून उठताना तिच्याशी बोलावं असं वाटलं त्याला. पण काय बोलणार? नळीपासून सुरुवात केली असती तरच पुढचं सांगता आलं असतं, आणि नळीपाशी त्याची जीभ अडत होती.

तिसऱ्या दिवशी टेप न लावताही दिसत होतं. जुने टायर, जुने शॅकल, मध्ये ठोकळा नाही, आणि मडगार्ड व चाक यांच्यामधून अख्खं डोकं आत जाईल एवढी फट. तेहतीस इंच. तिला तोलून धरायला खाली काही नव्हतं. गाडी जणू कोणी तरी पाठीवर उचलून धरली होती.

दुपारपर्यंत नवल बाहेर लिंबाखाली बसून राहिला. शेवटी उठला. काम आपल्या हातचं आहे, बघायला तरी हवं. टॉर्च घेतला, पोतं अंथरलं आणि उताणा होऊन आत सरकला. पाय तेवढे बाहेर उन्हात.

खाली गारवा होता. मे महिन्यात, पत्र्याखाली, भर दुपारी त्याच्या अंगावर शहारा आला. त्याने टॉर्च पुढच्या चाकाकडे नेला. नवी नळी ताणली गेली होती. तंबोऱ्याच्या तारेसारखी. आणि तिच्या वरच्या टोकाला बांधायच्या तारेचे तीन पीळ होते.

नवलने ते बांधले नव्हते. त्याने ती तार कापली होती. पीळ मात्र त्याच्याच हाताचे होते. डावखुऱ्या माणसाचे, उलट्या बाजूला वळवलेले. स्वतःची सही ओळखावी तसे त्याने ते ओळखले.

"थोडी..." कोणी तरी म्हणालं.

आवाज कानाशी आला. धाप लागलेल्या माणसाचा, ओठ कोरडे पडलेल्या माणसाचा.

"थोडी वर..."

नवलला मान वळवता येईना. "अमृत," तो पुटपुटला. "अमृत, मला माहीत होतं. नळी अपुरी पडते हे मला दिसलं होतं... मी बोललो नाही."

पाटे करकरले. पण आता गाडी वर जात नव्हती. खाली येत होती. अगदी सावकाश, पाण्यात बसणाऱ्या म्हशीसारखी. चासीचा आडवा पत्रा त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर आला, मग चार बोटं, मग शर्टाच्या गुंड्यांना लागला. नवलने श्वास आत घेतला आणि तो सोडायला जागाच उरली नाही.

"मी... सांगतो. सगळ्यांना... सांगतो..."

"भाऊ?" शेडच्या दारातून सुनंदाबाईंचा आवाज आला.

पत्रा जिथल्या तिथे थांबला. मग छातीवरचा भार बोटभर उचलला गेला, आणि तेवढ्या फटीतून नवल कोपरं सोलपटत बाहेर निघाला. गाडी न्यायला आलेल्या बाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. वना लांब रस्त्यावर पिकअप वळवत होता.

नवलने उभ्याउभ्या सांगितलं. नळी, नाशिक, दोन दिवस, तार, बोनेटवरची थाप, विहिरीत टाकलेला तुकडा. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना तो बाईंच्या पायांकडे पाहत होता, कारण वर पाहायची त्याची छाती नव्हती. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"ती नळी केवढानी येस?" त्यांनी विचारलं.

"साडेतीनशेची, अक्का."

बाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. जीपपाशी गेल्या, दांडा धरला आणि सहज आत चढून अमृतच्या जागेवर बसल्या. गाडी आता सत्तावीसवर होती. नवलला टेप लावायची गरज वाटली नाही. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही तळवे ठेवले, एका जागी घासून गुळगुळीत झालेलं होतं तिथे अंगठा फिरवला, आणि तशाच बसून राहिल्या.

खाली उतरल्यावर म्हणाल्या, "हाई बठ्ठं चाळीसगावले ठाण्यामा सांगशात? लिखी देशात?"

"देईन. आत्ता येतो तुमच्याबरोबर."

"चाला मंग."

नवलने हात धुतले, सदरा बदलला. शेडचं शटर ओढायला गेला तेव्हा बाई अजून जीपजवळच घुटमळत होत्या. त्यांची नजर खाली, गाडीखालच्या अंधाराकडे होती.

"तुम्हनासंगे आठे आनखी कोन काम करस, भाऊ?"

"कोणी नाही. मी एकटाच असतो."

"मी उनू तवय तुम्ही खाले व्हतात," त्या हळू बोलल्या. "दोन जनस्ना पाय व्हतात बाहेर. एक तुम्हना. दुसरा अनवानी..."

नवलच्या हातातून शटरची कडी सुटली.

"तुम्ही बाहेर निंघनात," सुनंदाबाई म्हणाल्या, "ते पाय मातर मजार, गाडीना खाले, सरकी गयात."