गोलोंद्रिना लाकडाला थांबते

हे मी नशेत सांगत नाही. त्या दिवसांत दारू सोडा, पाणीही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. माझा दोस्त फेर्मिन अजून जिवंत आहे. खोटं वाटलं तर त्याला विचारा. त्यानं यातलं निम्मं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

जागा माग्दालेना नदीचा काठ. एल बांको गावाच्या खाली, नदी मोठं वळण घेते तिथे. वेळ दिवेलागणीची. डिसेंबरचा महिना, पाऊस संपलेला, पाणी उतरू लागलेलं.

तिथे माझी जळणाची वखार होती. आगबोटी काठाला लागायच्या, हमाल फळीवरून उतरायचे, लाकूड खांद्यावर घेऊन चढायचे. माझ्या बापानं हेच केलं, मीही हेच केलं.

सगळ्या बोटींत जुनी गोलोंद्रिना. गोलोंद्रिना म्हणजे पाकोळी. तिचे भाग समुद्रापलीकडून सुटे आले आणि बारांकिया बंदरात जोडले गेले. बूड सपाट, मागे एकच मोठं चाक. माझा बाप सांगायचा, नवी होती तेव्हा तिच्यावर पियानो वाजायचा. मग लढाई आली. पियानोच्या जागी सैनिक बसले. जाताना गाणी म्हणत गेलेली पोरं येताना चादरीखाली झोपून आली. बोटीच्या भिंतींना गोळ्यांची भोकं पडली, त्यावर पांढरा रंग फासला. लढाई संपली आणि तंबाखू, कातडी, कॉफी भरायला लागले.

बदलला नाही तो फक्त तिचा भोंगा. सुरुवातीला खोल आणि शेवटी चिरका. डोळे मिटूनसुद्धा मी ओळखायचो.

माझी बायको उबाल्दिना. हमालांसाठी मासे तळायची, केळी भाजायची. लहानपणी साप चावल्यामुळे तिचा डावा पाय जरा घासत चालायचा. त्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. मोंपोसच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं. गोलोंद्रिना खाली चालली होती, तीत तिला बसवलं.

फळीवरून वळून म्हणाली, "भात करपवलास तर शेजारी सांगू नकोस. माझी लाज जाईल."

"तू लवकर ये म्हणजे करपणार नाही," मी म्हणालो.

बोट वळणाआड गेली. भोंगा दिला.

आणि भोंगा मध्येच तुटला...

मग जो आवाज झाला, त्यानं झाडावरचे सगळे बगळे एकदम उडाले. बॉयलर फुटला होता.

प्रेतं मिळत गेली. उबाल्दिना मिळेना.

आमच्याकडे बुडालेलं माणूस शोधायची एक रीत आहे. सुक्या तुंब्याची वाटी घ्यायची, तिच्यात मेणबत्ती लावून पाण्यावर सोडायची. वाटी जिथे थांबते, तिथे बुडी मारायची. आमच्या काठावर हे काम सिस्ताआजी करायची. दुसऱ्यांच्या वाट्या थांबल्या, त्यांची माणसं मिळाली, त्यांनी पुरली. मला तेवढंच हवं होतं. मेलेली बायको जिवंत करून द्या असं मी कुणाकडे मागत नव्हतो. तिला मातीत ठेवायची होती आणि तिच्यासाठी नऊ रात्रींची प्रार्थना करायची होती. प्रेतच नसेल तर प्रार्थना कुणाला पोचणार?

तिची वाटी सोडली. मी आणि फेर्मिन होडीतून मागे. वाटी धारेबरोबर खाली गेली. वळणावर थांबली.

मग फिरली...

आणि धारेच्या उलट वर येऊ लागली. वारा नव्हता. ज्योत सरळ उभी होती. फेर्मिननं वल्हं मारायचं थांबवलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

वाटी माझ्याच वखारीच्या काठाला येऊन लागली. जिथे बोटीची फळी टाकतात, बरोबर तिथे.

मी बुडी मारली. चिखल. पुन्हा मारली. नुसता चिखल.

"इथेच आहे ती," सिस्ताआजी म्हणाली.

"कुठे आहे? सगळा तळ चाचपला मी."

"आहे म्हटलं ना एलादिओ. तुला दिसत नाही, त्याला म्हातारी काय करणार?"

घराच्या दारात चिंच होती. उबाल्दिना त्याच सावलीत मासे साफ करायची. मला ती रिकामी सावली बघवेना. मी चिंच तोडली, फोडली आणि बाकीच्या लाकडाशेजारी तिची थप्पी लावली. चिंचेचा गाभा काळपट जांभळा असतो, लांबून ओळखू येतो. या काठावर दुसरी चिंच नव्हती.

सकाळी चिंचेची थप्पी निम्मी झालेली.

काठावरच्या ओल्या चिखलात एक पाऊल उठलेलं नव्हतं.

मी फेर्मिनला बोलावलं. त्याच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मबाप म्हणून उभा राहिलो होतो, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो.

"चोरी झाली म्हणतोस कोंपाद्रे?" तो म्हणाला. "तुझं तोंड बघून मगर परत फिरते, चोर कसला येतोय."

"मग लाकूड कुठे गेलं?"

"बोट आली असेल."

"अंधारात?"

अंधार पडला की या नदीवर बोट चालवत नाहीत. वाळूचे बांध रोज जागा बदलतात. सूर्य बुडाला की बोट काठाला बांधायची, हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं थप्पीजवळ बसून राहिलो. आकाशात अजून उजेड होता. बेडूक ओरडत होते.

एकदम सगळे बेडूक गप्प झाले...

आणि भोंगा झाला.

खोल... आणि शेवटी चिरका.

फेर्मिननं माझं मनगट पकडलं. नदी रिकामी होती. पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता. पण चाकाचा आवाज जवळ येत होता. पाणी फेकल्याचा. मग काठावर फळी आदळल्याचा.

मग अनवाणी पावलं.

एक. अनेक.

थप्पीवरचं वरचं लाकूड हललं. मग ते तिथे नव्हतं. त्याखालचंही नव्हतं. कुणी दिसत नव्हतं, फक्त ओझं खांद्यावर घेताना हमाल जसा हुंकारतो तसा हुंकार ऐकू येत होता. फळी वाकत होती, करकरत होती.

आणि त्या पावलांत एक पाऊल... घासत चालत होतं.

"उबाल्दिना," मी हाक मारली.

सगळी पावलं थांबली.

माझ्यासमोर, हातभर अंतरावर, कुणीतरी धापा टाकत होतं. ओल्या राखेचा वास आला. मी हात पुढे केला. हाताला गरम वाफ लागली, चुलीवरच्या भांड्याची लागते तशी.

मग भोंगा झाला. घासणारं पाऊल वळलं आणि फळी चढून गेलं.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी हात सोलवटेपर्यंत लाकूड तोडलं. संध्याकाळी बोट पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. मी फक्त ते पाऊल ऐकायला बसायचो. फेर्मिन मात्र पुन्हा फिरकला नाही. त्यानं सिस्ताआजीला पाठवलं.

आजी एक संध्याकाळ माझ्याजवळ बसली. तिनंही ऐकलं. बोट गेल्यावर तिनं चिरूट पेटवला.

"बायको भेटते म्हणून खूश आहेस ना?"

"आहे."

"जिवंतपणी तिला कधी लाकडं उचलू दिली होतीस?"

आजीनं चिरुटाची राख झाडली.

"धाप ऐकलीस तिची? दमलीय ती. बोटीला लाकूड मिळतंय तोवर बोट चालणार. चालत्या बोटीतून कुणाला उतरता येत नाही, लेका. तुला तिची पावलं हवीत का तिची माती, ते तू ठरव."

रात्रभर मी ठरवत होतो. सकाळी सगळं लाकूड नदीकाठी ओढलं आणि जाळून टाकलं. ढलपीसुद्धा ठेवली नाही. राख पाण्यात ढकलली.

संध्याकाळी भोंगा झाला. फळी आदळली. पावलं उतरली.

रिकाम्या जागेवर पावलं नुसती फिरत राहिली...

पुन्हा भोंगा झाला. या वेळी लांबलचक. पावलं घराकडे आली. मी आत होतो, पाठीनं दार धरून. बाहेरून कुणीतरी भिंतीच्या कुडावरून हात फिरवत गेलं. चारही बाजूंनी. कुडाच्या काड्या मोडल्याचा आवाज आला. दाराचा अडसर पाठीमागे थरथरू लागला. मी डोळे मिटून तिचं नाव घेत राहिलो.

घासणारं पाऊल दाराशी आलं.

थांबलं.

मग बाकीची पावलं एकेक करून मागे गेली. चाक एकदा फिरलं, अडखळलं, बंद पडलं. पाण्यात काहीतरी जड पडलं.

उजाडल्यावर मी बाहेर आलो. फळी टाकायच्या जागी, गुडघाभर पाण्यात उबाल्दिना पडली होती.

इतके दिवस नदीत राहिलेलं प्रेत कसं असतं ते मी पाहिलंय. ती तशी नव्हती. आदल्या दिवशी गेल्यासारखी होती. तोंड काजळलेलं, केस कपाळाला चिकटलेले.

मी तिचे हात धुवायला घेतले. मुठी उघडल्या. तळवे सोललेले होते आणि त्यांत लाकडाच्या बारीक ढलप्या रुतलेल्या.

काळपट जांभळ्या.

ती चिंच मी उबाल्दिना गेल्यावर तोडली होती.

ढलप्या मी एकेक करून काढल्या. सिस्ताआजीनं तिला पांढरा झगा घातला. फेर्मिननं पेटी बनवली आणि रडत रडतच म्हणाला, "वहिनी, तुझ्या नवऱ्याला एक खिळा सरळ मारता येत नाही, म्हणून मला बोलावलं." मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. टेकडीवर तिला पुरलं आणि नऊ रात्री प्रार्थना झाली. मला हवं होतं ते मिळालं.

वखार मी बंद केली. आता मासे पकडतो.

खालच्या वळणावर कासिमिरोची वखार आहे. त्याचा भाऊ त्याच बोटीत होता, तो मिळालाच नाही. मागच्या महिन्यात कासिमिरो भेटला तेव्हा त्याचे हात सोललेले होते आणि चेहरा उजळलेला.

"लाकूड जातंय माझं," तो हळूच म्हणाला.

"देऊ नकोस कासिमिरो."

"तू बोलू नकोस. तुला तुझी मिळाली. मला भावाची शीळ तरी ऐकू येते."



आणि एवढ्यावर सगळं थांबलं असतं तरी चाललं असतं.

पण परवा टेकडीवर गेलो तर तिच्या कबरीवरचा क्रूस नव्हता. मला वाटलं, गुरांनी पाडला. मी नवा करून रोवला. सकाळी तोही नव्हता. आजूबाजूची माती कुणी उकरलेली नव्हती. बाकीच्या कबरींवरचे क्रूस जागच्या जागी होते.

फेर्मिन म्हणतो, लोखंडाचा करून घेऊ, कोंपाद्रे. लोखंड जळत नाही. त्यानं लोहाराला सांगितलंसुद्धा.

मी हो म्हणालो. पण त्याला जे सुचलं नाही, ते मला रोज संध्याकाळी बेडूक गप्प झाले की सुचतं.

पेटीही लाकडाची होती.

उकरून बघायची माझी हिंमत नाही.