न तुटलेली चकती

चकती दुमडताच मधोमध तडकली होती. प्रयोगशाळेत आता फक्त पंख्याची घरघर... नळाचं ठिबकणं...

तनुजा हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली. पैठणच्या धरणातल्या रोहू माशाचा तो लगदा, वाफवून चकतीसारखा कापलेला. त्याला लवचीक करणारं एन्झाइम तिनं जीव ओतून जमवलं होतं. उद्या मासळी-कारखान्याचे साहेब येणार. चकती अखंड दुमडली तर नोकरी. नाहीतर गावी, कन्नडला परत, आणि आईनं बघून ठेवलेली स्थळं.

“चूक माझी,” शेजारच्या टेबलावरचा इंद्रजीत अखेर म्हणाला. तो त्याच लगद्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे प्रयोग करी. “तू खाली गेलीस... कोमट पाण्यातलं भांडं विसरलीस, असं वाटलं. म्हणून मीच वाफेला लावलं.”

“मदत केलीस व्हय! अरे, एन्झाइमला आधी ऊब लागते, निवांत. थेट वाफेत ते मरतं.”

“आमच्या बलकाचे असले लाड नसतात.”

“नसणारच. तुझ्यासारखाच चिवट तो.”

“चिवट... हे कौतुक समजू?”

ओठांशी आलेलं हसू तिनं परतवलं. इंद्रजीतनं बलक कालवलेला आपला लगदा तिच्यापुढं सरकवला. “यात घाल तुझं एन्झाइम.”

“उद्या तू हाच दाखवणार होतास ना?”

“आता दोघं मिळून दाखवू.”

भांडं कोमट पाण्यात विसावलं. क्रांती चौकातला कोलाहल खिडकीशी येऊन मऊ होत होता, आणि बोलता बोलता दोघांच्या खुर्च्या केव्हा जवळ आल्या, हे खुर्च्यांनाच ठाऊक. मग वाफ, मग बर्फाचं पाणी, मग सुरी.

तिनं श्वास रोखून चकती दुमडली. पुन्हा दुमडली. कडेला साधी भेगसुद्धा नाही.

“लई भारी!” तिनं त्याचा दंडच धरला... आणि मग सोडायचं राहून गेलं.

“तनुजा,” त्याचा आवाज एकदम खाली आला, “हे काम संपलं, तरी मला तुझ्या शेजारीच बसायचंय — कायमचं. तुला... चालेल?”

तिनं हात काढून घेतला, धुतला, निगुतीनं पुसला. खिडकीत त्याचा जेवणाचा डबा रिकामा पडला होता. तिनं तो उचलून आपल्या पिशवीत ठेवला. कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे त्याच्याही घरी पाळत असणारच.

“अगं, माझा डबा—”

“उद्या भरून आणीन. अन् मग रोजच,” म्हणत ती जिना उतरून गेली.